चौकशीस पात्र अपघात कोणता ?

प्रस्तुत टिपणाचा विषय मोडी रुमालांपासून दूरचा वाटेल; परंतु त्यांतील प्रश्न आपल्या नित्य परिचयाचा आहे. ज्या गोष्टीस खर्च पडला नाहीं, किंवा जीवरून तंटा उपस्थित झाला नाहीं, ती दप्तरांत सहसा येत नाहीं. विमानांच्या अपघातांचेंहि तसेंच आहे. चौकशी झाली तर जबान्या, नकाशे व अहवाल उरतात; न झाली तर वृत्तपत्रांतील चार ओळी, आणि पुष्कळदां त्याहि नाहींत. म्हणून चौकशी कशाची करावी हें ठरविणारे नियम इतिहासकारानें अहवालांच्या आधीं वाचावे.

आपल्याकडील १९३७ च्या विमान-नियमांपैकीं ७५ वा नियम पाहावा. निरीक्षकाचा तपास अथवा समितीची चौकशी आधीं झालेली असो वा नसो, मध्यवर्ती सरकारास इष्ट वाटल्यास त्यानें अपघाताची विधियुक्त चौकशी नेमावी, असा त्याचा आशय होता. सर्व भार ‘इष्ट’ या एका पदावर! इष्ट कशास म्हणावें याचें लक्षण त्या नियमांत नव्हतें. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें मात्र २६ व्या कलमांत लक्षण बांधिलें. एका राष्ट्राच्या विमानास दुसऱ्याच्या हद्दींत अपघात झाला, आणि त्यांत मृत्यु वा गंभीर दुखापत घडली, किंवा विमानांत अगर मार्गदर्शनाच्या साधनांत गंभीर दोष दिसून आला, तर हद्दीच्या धन्यानें चौकशी केली पाहिजे. जुन्नरजवळच्या डोंगरावर ७ जुलै १९६२ रोजीं इटलीचें प्रवासी विमान आदळून ९४ माणसें मृत्यु पावलीं. कलमांतील पहिलें लक्षण तेथें पूर्णपणें लागू पडतें.

१९५१ सालीं या कराराचें तेरावें परिशिष्ट मान्य झालें, आणि त्याच्या उत्तरोत्तर आवृत्त्यांत मूळ लक्षणास टीका जडत गेली. इजेपासून ३० दिवसांच्या आंत मरण आलें तर तें अपघाती मरण. नैसर्गिक कारणानें आलेलें धरूं नये. प्रवाशांच्या व विमानसेवकांच्या नेहमींच्या जागा सोडून अन्यत्र चोरून लपलेल्या माणसाची इजाहि धरूं नये. अव्याप्ति व अतिव्याप्ति टाळण्याचा हा खटाटोप नैयायिकांस शोभण्याजोगा आहे.

तथापि इजेवर आधारलेल्या कोणत्याहि लक्षणांतून एक गोष्ट निसटते : अपघात होतां होतां टळला तो प्रसंग. अमेरिकेंत १ डिसेंबर १९७४ रोजीं वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारें एक विमान व्हर्जिनियांतील डोंगरावर आदळलें व आंतील ९२ जण, म्हणजे सर्वच्या सर्व, मेले. उतरण्याच्या मार्गास लागण्याची परवानगी मिळाली म्हणजे १,८०० फुटांपर्यंत खालीं येण्याचीहि मिळाली, असा अर्थ वैमानिकांनीं घेतला. नियंत्रकांस तो अभिप्रेत नव्हता. एका वाक्याच्या अर्थाचा हा वाद! चौकशींत असें उघड झालें कीं, सहा आठवड्यांपूर्वीं दुसऱ्या एका कंपनीचें विमान याच गैरसमजानें त्याच डोंगराजवळून थोडक्यांत वांचलें होतें. त्या कंपनीनें आपल्या वैमानिकांस सावध केलें. ती सूचना इतरांपर्यंत गेली नाहीं. कोणी मेलें नव्हतें, कांहीं मोडलें नव्हतें. मग चौकशी कशाची करणार? पुढें ९२ माणसें मेलीं नसतीं तर त्या पहिल्या प्रसंगाचा उल्लेख आपणांस वाचावयास मिळाला असता कीं नाहीं, याची मला शंकाच आहे.

१९७६ पासून तेथील नासा या संस्थेकडे वैमानिकांनीं आपण होऊन अशा प्रसंगांची माहिती कळविण्याची व्यवस्था झाली. तेराव्या परिशिष्टांतहि पुढें ‘गंभीर घटना’ हा वर्ग आला : अपघात झाला नाहीं, पण होण्याचा संभव मोठा होता, असा प्रसंग. २,२५० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या विमानाची अशी घटना असेल तर चौकशी आवश्यक ठरली. भारतांत चौकशीचें काम पाहणारा निराळा विभाग २०१२ सालीं निघाला.

यावरून कोष्टकें करणारांनीं एक धोका ओळखावा. चाळीस वर्षांपूर्वींच्या व आजच्या घटनांचे आंकडे शेजारीं मांडतांना, वाढ आकाशांतील आहे कीं नियमांतील शब्दांची, हें आधीं पाहावें.

जुन्नर परिसरांतील कोणा संग्राहकाजवळ १९६२ च्या अपघातासंबंधीं पंचनामे, पत्रें अथवा छायाचित्रें असल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. डोंगरावर प्रथम पोंचलेल्या गांवकऱ्यांनीं काय पाहिलें, हें अशा स्थानिक कागदांतच मिळण्याचा अधिक संभव आहे.