नॉर्डश्लाइफेची फेरी : मोटारींची तुलना आणि ‘ग्रान टुरिस्मो’

इ. स. २००८ च्या एप्रिल महिन्यात निसान या जपानी कंपनीने असे जाहीर केले की, तिच्या ‘जीटी-आर’ मोटारीने जर्मनीतील नॉर्डश्लाइफे या शर्यतमार्गाची एक फेरी ७ मिनिटे २९ सेकंदांत पुरी केली. मोटार चालविणारे तोशिओ सुझुकी हे शर्यतीच्या क्षेत्रात मुरलेले चालक होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जर्मनीतील पोर्शे कंपनीकडून या आकड्यास उघड आव्हान देण्यात आले. पोर्शेने एक जीटी-आर मिळवून ती त्याच मार्गावर चालवून पाहिली होती आणि तिला ७ मिनिटे ५४ सेकंद लागले होते. पोर्शेच्या ‘९११ टर्बो’ची व जीटी-आरची शक्ती कागदोपत्री जवळजवळ सारखीच, म्हणजे ४८० अश्वशक्तीच्या घरात होती, तेव्हा एवढा वेग साध्या विक्रीच्या मोटारीस कसा शक्य व्हावा, असा पोर्शेचा प्रश्न होता. निसानने हा संशय धुडकावून लावला. वादाचा निर्णय करील अशी अधिकारी संस्था त्या वेळी कोणतीच नव्हती, त्यामुळे दोन्ही आकडे आजही आपापल्या जागी उभे आहेत.

एकाच गोष्टीविषयी दोन साधने परस्परविरुद्ध साक्ष देऊ लागली म्हणजे काय करावे, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा नित्याचा प्रश्न होय. बखरीतील तिथी अस्सल पत्रातील तिथीशी जुळली नाही तर राजवाड्यांच्या काळापासून मराठी संशोधक पत्राकडे वळत आले आहेत. परंतु येथे दोन्ही साधने अस्सलच होती. घड्याळ खोटे बोलले असे मानावयास कोणत्याही बाजूस आधार नव्हता. वस्तुतः घटनाच दोन होत्या : चालक निराळे, दिवस निराळे, बहुधा डांबराचे तापमान निराळे, आणि टायरांविषयी तर मतभेदच. ‘फेरीचा वेळ’ या एकाच नावाखाली दोन भिन्न प्रसंग एकमेकांशेजारी मांडले गेले होते एवढेच.

नेमक्या याच काळात, प्रत्यक्ष शर्यतमार्गापासून हजारो मैल दूर, घरोघरी दूरदर्शनच्या पडद्यासमोर बसून असंख्य माणसे हीच तुलना एका व्हिडिओ गेमच्या साहाय्याने करीत होती. त्यांच्या तुलनेत चालक एक, दिवस एक, टायर एक, इंधन एक. प्रयोगशाळेस शोभावी अशी ही शुद्धता होती. ती कोणत्या किमतीस विकत घेतली गेली, हे पाहण्यासाठी प्रथम या मापाचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे.

नॉर्डश्लाइफे याचा अर्थ उत्तरेकडील वेटोळे. आयफेलच्या डोंगराळ प्रदेशात, न्युर्बुर्गच्या जुन्या किल्ल्याभोवती, १९२५ ते १९२७ या वर्षांत न्युर्बुर्गरिंग हा शर्यतमार्ग बांधण्यात आला. त्या भागातील बेकारांना काम मिळावे, हाही बांधणीमागील एक हेतू होता. उत्तरेकडील वेटोळ्यात सत्तरीहून अधिक वळणे आणि सुमारे ३०० मीटरांचा चढउतार आहे. एका टोकास पाऊस आणि दुसऱ्या टोकास ऊन, असा प्रकार तेथे विरळ नाही. १९७५ साली निकी लाउडा यांनी फॉर्म्युला वन शर्यतीच्या सरावात ६ मिनिटे ५८.६ सेकंदांची फेरी मारली तेव्हा सात मिनिटांची मर्यादा ओलांडली गेली. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७६ रोजी, त्याच मार्गावर त्यांच्या मोटारीने पेट घेतला व ते भयंकर भाजले. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत नॉर्डश्लाइफेवर पुन्हा झाली नाही. १९८३ मध्ये श्टेफान बेलोफ यांनी पोर्शे ९५६ मधून ६ मिनिटे ११.१३ सेकंदांची फेरी नोंदविली. २०१८ साली टिमो बर्नहार्ड यांनी पोर्शेच्याच ९१९ मोटारीच्या खास आवृत्तीतून ५ मिनिटे १९.५४६ सेकंदांत मार्ग पुरा केला. हे तीन आकडे ओळीने लिहिले की प्रगतीची एक सरळ रेषा दिसू लागते. परंतु लाउडा यांचा मार्ग सुमारे २२.८ किलोमीटरांचा होता आणि नंतरच्या दोघांचा सुमारे २०.८ किलोमीटरांचा. शिवाय बर्नहार्ड यांची मोटार कोणत्याही शर्यतीच्या नियमांनी बांधलेली नव्हती. रेषा सरळ दिसते ती केवळ स्तंभात आकडे एकाखाली एक आल्यामुळे.

आता खेळाकडे वळावयाचे. मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम १९७० च्या दशकापासून होते. नामको कंपनीच्या १९८२ सालच्या ‘पोल पोझिशन’मध्ये जपानमधील फुजी मार्गाचे चित्र होते, व शर्यतीत प्रवेश मिळविण्यासाठी खेळाडूस आधी एक फेरी ठराविक वेळात पुरी करावी लागे. ब्रिटनमध्ये जेफ क्रॅमंड यांनी १९८४ च्या सुमारास बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी ‘रेव्ह्ज’ हा खेळ रचला. त्यात सिल्व्हरस्टोनचा मार्ग होता आणि मोटारीच्या हालचालीमागे खरेखुरे गणित घालण्याचा प्रयत्न होता. या दोन्ही खेळांत एक गोष्ट समान होती. मोटार सर्वांना एकच मिळे. साहजिकच वेळ हे खेळाडूच्या हातोटीचे माप होते, मोटारीचे नव्हे.

हे नाते उलटे झाले, हीच या विषयातील महत्त्वाची घटना होय. त्याची चाहूल १९९४ साली ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकन मासिकाच्या सहकार्याने निघालेल्या ‘द नीड फॉर स्पीड’मध्ये लागली होती, तथापि खरे वळण मिळाले ते २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रान टुरिस्मो’मुळे. काझुनोरी यामाउची व त्यांचे मोजके सहकारी यांनी सुमारे पाच वर्षे खपून तो प्लेस्टेशन या यंत्रासाठी तयार केला होता. त्यात शंभराहून अधिक मोटारी होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा रस्त्यावर दिसणाऱ्या, विक्रीच्या मोटारी होत्या. प्रत्येकीचे वजन, शक्ती, पुढील अथवा मागील चाकांस मिळणारी चालना यांची नोंद निराळी होती. खेळाडूचा हात एकच राहिला व मोटारी बदलू लागल्या, तेव्हा घड्याळ आपोआप मोटारीविषयी बोलू लागले. १९९९ च्या दुसऱ्या भागात कॅलिफोर्नियातील लागुना सेका हा खरा मार्ग आला, आणि २००४ च्या डिसेंबरात निघालेल्या चौथ्या भागात सातशेहून अधिक मोटारींसह नॉर्डश्लाइफे आली. ज्या मार्गावरील आकड्यांनी कारखानदार आपल्या मोटारींची जाहिरात करीत, तोच मार्ग आता कोणासही खुला झाला.

खेळाडूंनी या सोयीचा उपयोग ज्या रीतीने केला ती रीत नोंदण्याजोगी आहे. मोटार जशी कारखान्यातून येते तशीच ठेवावयाची, कोणताही भाग बदलावयाचा नाही. सर्व मोटारींस एकाच जातीचे टायर चढवावयाचे. प्रत्येकीस ठराविक फेऱ्या द्यावयाच्या, रस्ता सोडून गवतावर गेलेली फेरी बाद करावयाची आणि उरलेल्यांतील उत्तम वेळ तक्त्यात लिहावयाचा. आपल्याच मागील फेरीची पारदर्शक प्रतिमा, जिला खेळाच्या भाषेत ‘घोस्ट’ म्हणजे भूत म्हणतात, ती पुढे धावत असे. त्यामुळे कोणत्या वळणावर किती अंतर पडले हे डोळ्यांस दिसे. कोणी शिकविल्यावाचून अंगवळणी पडलेली ही शिस्त पुष्कळशा छापील मोटार-परीक्षणांहून काटेकोर होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मग तिचे निष्कर्ष प्रत्यक्षाशी जुळत होते काय? २००५ साली ‘टॉप गियर’ या बीबीसीच्या कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसन यांनी हा प्रश्न जाहीरपणे तपासला. त्यांनी खेळातील होंडा एनएसएक्स मोटारीने लागुना सेकाची फेरी १ मिनिट ४१ सेकंदांत केली होती. नंतर ते कॅलिफोर्नियात गेले आणि प्रत्यक्ष मोटारीने तीच फेरी करू लागले. त्यांना १ मिनिट ५७ सेकंदांच्या आत येता आले नाही. सुमारे साडेतीन किलोमीटरांच्या मार्गावर सोळा सेकंदांचा फरक फारच मोठा आहे. क्लार्कसन हे व्यावसायिक शर्यतपटू नव्हेत, हे त्याचे एक कारण. परंतु मुख्य कारण त्या मार्गावरील ‘कॉर्कस्क्रू’ नावाच्या वळणाशी उभे राहिल्यावर समजते. तेथे रस्ता चढाच्या माथ्यावरून एकाएकी खाली कोसळतो आणि चालकास पुढचे काही दिसत नाही. पडद्यासमोर बसलेला मनुष्य त्या जागी पन्नास वेळा चुकतो व एकावन्नाव्या वेळी बरोबर ठरतो. चुकीची किंमत एक कळ दाबण्याएवढी असते. भीती हा फेरीच्या वेळातील एक घटक आहे, आणि खेळाने तो शून्यावर आणून ठेवला होता.

दुसरा घटक टायरचा. मोटारीची शक्ती कितीही असो, तिचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या चार तुकड्यांतूनच येतो. रबराची पकड त्यावरील भार, त्याचे तापमान, त्याची झीज यांनुसार बदलते व हा बदल सरळ प्रमाणात नसतो. मोटारीचे वजन आणि शक्ती कारखान्याच्या पत्रकात सापडतात, परंतु टायरच्या वर्तनाचे गणित खेळ रचणाऱ्यास स्वतः बसवावे लागते. पुढील भागांत ‘कम्फर्ट’, ‘स्पोर्ट्स’ व ‘रेसिंग’ असे टायरांचे वर्ग दिसतात. हे वर्ग म्हणजे त्या गणिताची दर्शनी पाटी होय. सर्व मोटारींस एकच टायर देणे न्याय्य वाटते, पण प्रत्यक्षात जीटी-आर आणि ९११ टर्बो यांचे टायर त्या त्या मोटारीसाठी घडविलेले असतात, आणि ते काढून घेतले की मोटारीचा एक अवयवच काढून घेतल्यासारखे होते. म्हणजे चल घटक जितके काढून टाकावेत तितकी तुलना निर्दोष होते, आणि तितकीच ती मोटारींची न राहता मोटारींविषयीच्या गृहीतांची होत जाते. मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा’ या प्रतिस्पर्धी खेळात त्याच मोटारीस त्याच मार्गावर निराळा वेळ लागे, याचे आश्चर्य वाटावयास नको. तेथील गृहीतकार निराळा होता. तथापि यावरून खेळातील तक्ते निरुपयोगी ठरत नाहीत. निव्वळ आकडा टिकत नसला तरी एक जड व एक हलकी मोटार कोणत्या वळणावर एकमेकींस गाठतात, या प्रकारची माहिती बरीच विश्वसनीय असते.

या न्यायासनापुढे २००८ चा वाद आला असता तर? तो येऊ शकला नाही, आणि त्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. जीटी-आर ही ‘ग्रान टुरिस्मो’च्या घरचीच मोटार होती, तिच्या दर्शनी पडद्यावरील माहितीची रचना यामाउचींच्या पॉलिफनी डिजिटल या संस्थेनेच केली होती. उलट पोर्शेचे नाव व मोटारी वापरण्याचा परवाना इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्याच कंपनीने राखून ठेवला होता, त्यामुळे २०१७ च्या ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’पर्यंत या मालिकेत पोर्शे जवळजवळ नव्हतीच. तिच्या जागी पोर्शेच्या सांगाड्यावर मोटारी बांधणाऱ्या रूफ या जर्मन कारखान्याच्या मोटारी उभ्या असत. वादीचा वकील न्यायाधीशाच्या शेजारी आणि प्रतिवादी गैरहजर, अशी ही स्थिती होती. मोटारींची यादी करारांवर ठरते, ही गोष्ट तक्ते वाचणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येई.

खेळाकडून प्रत्यक्षाकडे जाणारी वाटही याच काळात तयार झाली. सोनी आणि निसान यांनी २००८ साली ‘जीटी अकॅडमी’ ही स्पर्धा सुरू केली. खेळातील उत्तम वेळांवरून उमेदवार निवडावयाचे व त्यांतून शर्यतपटू घडवावयाचे, अशी ती योजना होती. तिचे पहिले विजेते लुकास ऑर्डोन्येझ यांनी २०११ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा क्रमांक मिळविला. फेरीच्या वेळातून मोटारीची नव्हे तरी माणसाची पारख होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले. यान मार्डनबरो हे याच स्पर्धेचे २०११ चे विजेते. २८ मार्च २०१५ रोजी नॉर्डश्लाइफेवरील शर्यतीत, ‘फ्लुगप्लात्झ’ या चढाच्या माथ्यावर, त्यांची निसान जीटी-आर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे प्रेक्षकांत जाऊन पडली. एक प्रेक्षक मृत्युमुखी पडला व इतर काही जखमी झाले. मार्डनबरो बचावले. त्यानंतर मार्गाच्या काही भागांवर वेगमर्यादा घालण्यात आली, आणि विक्रमी फेऱ्यांच्या प्रयत्नांस बंदी झाली. मार्गाची दुरुस्ती होऊन २०१६ साली हे निर्बंध उठले. तोपर्यंत नॉर्डश्लाइफेवर नवा विक्रम फक्त पडद्यावरच होऊ शकत होता.

प्रत्यक्ष मार्गाच्या चालकसंस्थेने मोजणीचे नियम बांधले ते २०१९ साली. त्यापूर्वी विक्रीच्या मोटारींचा वेळ प्रेक्षागृहाजवळचा सरळ तुकडा वगळून, सुमारे २०.६ किलोमीटरांवर घेण्याची रूढी होती. नव्या नियमाने आरंभ व शेवट एकाच रेषेवर आणून पूर्ण २०.८३२ किलोमीटर मोजावयाचे ठरले. नोव्हेंबर २०२० मध्ये मारो एंगल यांनी मर्सिडीझ-एएमजी जीटी ब्लॅक सिरीझ या मोटारीने विक्रम केला, तेव्हा त्या एकाच फेरीचे दोन वेळ प्रसिद्ध करण्यात आले : जुन्या रूढीप्रमाणे ६ मिनिटे ४३.६१६ सेकंद आणि नव्या नियमाप्रमाणे ६ मिनिटे ४८.०४७ सेकंद.