तिजोरी फुटली नाही, तरी चोरी झाली

आपल्यातील पुष्कळ भगिनी हल्ली दुधाचे पैसे नि विजेचे बिल मोबाईलवरूनच भरतात. सोय मोठीच आहे. पण तिला राखण किती हवी, हे ज्या घटनेने कळले ती पुण्यातच घडली.

कॉसमॉस ही १९०६ सालची जुनी सहकारी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून तिचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. अडीच कोटी आपल्याच देशात काढले. सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला रवाना झाले. तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता!

हे झाले कसे? यंत्रात कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, “खात्यात पैसे आहेत का?” चोरांनी मध्येच आपला खोटा कारकून बसविला. प्रश्न बँकेपर्यंत जाईच ना, तो परस्पर सांगे, “आहेत, द्या.” कार्डेही बनावट, चोरलेल्या माहितीवरून केलेली. खातेदारांची ठेव सुरक्षित राहिली, नुकसान बँकेने सोसले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली. ही बहुतेक यंत्रातून पैसे काढणारी मंडळी. कारकून घडविणारे दूरच राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी २०१९ साली उत्तर कोरियाकडे बोट दाखविले होते.

आम्हां बायकांना नेहमी सांगतात, गुप्त आकडा कोणास सांगू नका. खरेच आहे. पण येथे कोणत्या गृहिणीने काय सांगितले होते? माहिती ज्यांच्या हवाली केली, राखण त्यांनी करावयाची होती.

म्हणूनच मला आशा वाटते ती कायद्याची. निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांनी उतारवयात दावा लावला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर ती जपण्याची आणि फुटल्यास कळविण्याची जबाबदारी टाकली. हयगयीस २५० कोटींपर्यंत दंड. नियम निघावयास मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि संस्थांना तयारीस १८ महिने मिळाले. आपल्याकडे घाई कशाची!

कोणाचे पैसे असे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. आणि आपल्या मंडळाच्या कपाटात सभासदांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स प्रती बिनकुलपाच्या पडून आहेत. त्यांचे काय करावयाचे, हा विषय कार्यकारिणीने पुढच्या बैठकीस घ्यावा.