पाण्याचा चर आणि मातीतला ठेवा

पाण्याचं मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हापासून पाणी हा आमच्या इतिहासाचाच भाग झाला. गावात नळयोजना आली की आम्हाला आनंदच होतो. पण नळ यायचा तर चर खणावा लागतो, आणि चर खणला की कधीकधी जुनी खापरं, विटा, शिल्पं वर येतात. त्यांचं काय करायचं?

कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. ती खोदवून दान देणाऱ्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. आपल्या मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात तर चहूकडे खारं पाणी, तरी दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या! म्हणजे पाण्याची सोय हाही जपण्याजोगा ठेवाच आहे.

गुजरातेत शामळाजीजवळ मेश्वो नदीवर धरण व्हायचे होते. तेव्हा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९६० ते १९६३ या काळात देवनी मोरी येथे उत्खनन केले. स्तूपातून बुद्धांच्या शरीरधातूंचा लेख असलेला करंडक मिळाला. पुढे ती जागा पाण्याखाली गेली. आधी कुणी पाहिलं नसतं, तर करंडकही गेला असता.

कायदा काय सांगतो? संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला २०१० च्या दुरुस्तीने बंदी आहे. मात्र सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे ‘बांधकाम’ या व्याख्येतून वगळली आहेत. ते योग्यच, माणूस तहानलेला राहू नये. पण म्हणूनच चरावर नजर ठेवण्याची जबाबदारी गावावर येते.

मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत. २०२२ साली कोकणच्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचे नाव आले. जांभ्यातली ती रेघ बोटभर खोल. यंत्राचा एक फटका पुरे. सड्यावर अशी आणखी चित्रे मातीखाली झाकलेली असू शकतात.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. चर खणताना काही दिसले तर काम जरा थांबवा, वस्तू हलवू नका, जागेचा फोटो काढा आणि तहसीलदार व पुरातत्त्व खात्याला कळवा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावेच लागते. पाईप दोन हात बाजूने नेता येतो. मोडलेला इतिहास मात्र पुन्हा जोडता येत नाही.