गिरणीतलं बालपण

अमेरिका म्हटलं की डोळ्यांपुढे सुबत्ता येते. पण त्या सुबत्तेला लहान मुलांचेही हात लागले आहेत, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वयाची सुमारे साडेसतरा लाख मुलं कामावर असल्याची नोंद आहे. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींवर मुलं घसरत येणाऱ्या कोळशातून दगड वेचत. कॅरोलिनातल्या सूतगिरण्यांत मुली तुटलेले धागे सांधत, मुलं भरलेल्या बॉबिन बदलत. हात पुरला नाही तर मशीनवरच चढत.

१९०८ मध्ये राष्ट्रीय बालकामगार समितीने लुईस हाइन या शिक्षकाला छायाचित्रकार म्हणून नेमलं. मालक आत घेईनात, तेव्हा हा गृहस्थ कधी बायबल विक्रेता बनून शिरे. मुलांची उंची तो स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून ताडी आणि गुपचूप टिपून ठेवी. त्याची छायाचित्रं पाहून देश हळहळला. १९१६ मध्ये कायदा झाला: १४ वर्षांखालच्या मुलांना राबवणाऱ्या कारखान्याचा माल परराज्यात जाणार नाही.

गंमत पाहा, या कायद्याविरुद्ध कोर्टात उभा राहिला तो एक बाप! शार्लटच्या गिरणीत त्याची दोन मुलं काम करत होती. त्यांची मजुरी बुडाली तर घर कसं चालायचं, ही त्याची अडचण. खटल्यामागचं बळ मात्र गिरणीमालकांचं. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. उत्पादन हा राज्यांचा विषय, असं त्याचं म्हणणं.

पुढे १९२४ मध्ये काँग्रेसने घटनादुरुस्ती मंजूर केली. तिला पुरेशा राज्यांची संमती कधीच मिळाली नाही. मंदीत मोठी माणसंच बेकार झाली, तेव्हा कुठे १९३८ चा कायदा आला आणि १९४१ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. या २० वर्षांत कितीतरी मुलांचं बालपण सरलं.

बापाची गरज खरी होती, यात शंका नाही. पण गरिबाची गरज पुढे करून नफा दुसराच कमावतो, हे त्या खटल्यात उघड दिसतं. पुढे एका पत्रकाराने त्या दोन मुलांपैकी एकाला गाठलं. खटला जिंकलेला तो मुलगा आता विशीत होता. वजन जेमतेम ४८ किलो. आपल्याला शाळा मिळायला हवी होती, असं तो म्हणाला.