निघून जाणारे आणि मागे राहणारे

गोमंतकात मराठी वाचणाऱ्या घरांतून धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' एके काळी आवडीने वाचले जाई. गोव्यातील 'भारत' पत्रात ते प्रथम क्रमशः आले आणि १९२४ साली ग्रंथरूपाने निघाले. घरात कोंकणी बोलणाऱ्या साखवाळच्या एका माणसाने आपले आयुष्य मराठीत सांगितले, याचे त्या काळी कोणास नवल वाटले नसेल. आमच्या वाचकांसही वाटू नये.

ग्रंथाचा विषय वरवर पाहता बौद्ध विद्येचा शोध हा आहे. पण आम्हांस तो दरवेळी एका घराची हकीकत म्हणून वाचावासा वाटतो. १८७६ साली जन्मलेला, प्रकृतीमुळे शाळेस पारखा झालेला, नारळीच्या बागायतीचा व्याप सांभाळणारा हा मुलगा पंधरा वर्षांचा होण्यापूर्वीच, १८९१ साली, चिखलीच्या लाडांच्या बाळाबाईंशी विवाहबद्ध होतो. मन संसारात नाही. तुकोबांच्या गाथेत आहे. पुढे 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्रावरील एक लेख त्याच्या हाती पडतो. एका मुलांच्या मासिकातील चार पाने माणसास कोठवर नेतील याचा नेम नाही! १८९८ साली वडील दामोदर निवर्तले आणि १८९९ च्या अखेरीस हा तरुण घरातून निघाला. घरी पत्नी आणि तान्ही मुलगी, माणिक.

तेथून पुढचा प्रवास मोठा रोमांचकारी आहे. पुण्यास डॉ. भांडारकर, मग ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन. १९०२ साली नेपाळ. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून झालेली निराशा. मग बोधगया, कलकत्ता आणि अखेर सिंहलद्वीपातील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणी पाली भाषेचा लाभ. पुढे ब्रह्मदेश. कोसंबींची लेखणी येथे कोठेही चढत नाही. उपवास, आजार, अपमान सारे ते एकाच संथ स्वरात सांगतात. ज्ञान मिळाल्याचा डांगोरा नाही, की हाल सोसल्याचे कौतुक नाही. मराठी आत्मचरित्रात हा स्वर फार थोड्यांस साधला.

पण वाचकाने मध्येच पुस्तक मिटून हिशेब करावा. १८९९ ते १९०६ ही सात वर्षे होतात. त्या सात वर्षांत चिखली-साखवाळकडे काय घडत होते? नवरा जिवंत असून जवळ नाही, पदरात मूल आहे, गावाची जीभ मोकळी आहे. बाळाबाईंची बाजू 'निवेदना'त आपणास कळते ती पतीच्याच लेखणीतून. आणि पती त्या वेळी शेकडो कोस दूर होता. जे त्याने पाहिलेच नाही ते त्याने कसे लिहावे? आम्ही हा दोष कोसंबींच्या माथी मारीत नाही. तो या वाङ्मयप्रकाराचाच दोष आहे: निघून जाणाऱ्यास वाट असते, मुक्काम असतात, म्हणून कथा असते. मागे राहणाऱ्यास केवळ दिवस असतात.

त्या दिवसांचीही कथा होऊ शकते, हे मराठीत लक्ष्मीबाई टिळकांनी दाखविले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लहान मुलास घेऊन नातलगांच्या आधारावर दिवस कंठण्याची पाळी त्यांच्यावर आली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त ते दिवस लिहिले. रडत नव्हे, हसत, नवऱ्यास आणि स्वतःसही चिमटे काढीत. न्यायमूर्ती रानड्यांच्या पश्चात रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणीही थोरच. परंतु त्यांत पतीची मूर्ती मध्यभागी आहे आणि लेखिका पायाशी. लक्ष्मीबाई कोणाच्याही पायाशी बसल्या नाहीत.

म्हणून 'निवेदन' आणि 'स्मृतिचित्रे' एकामागून एक वाचावीत, असे आमचे मत आहे. एकात दार ओढून घेतल्याचा आवाज बाहेरून ऐकू येतो, दुसऱ्यात आतून.

कोसंबी परतले, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. १९०६ साली ते गोव्यास आले आणि संसार पुन्हा मांडला. १९०७ साली मुलगा झाला. त्याचे नाव आजोबांचे, दामोदर. पुढे कलकत्त्यातील चांगल्या वेतनाची जागा सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले, ते महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस हार्वर्डला निघाले, तेव्हा माणिक व दामोदर ही दोन्ही मुले त्यांच्याबरोबर होती.

'निवेदना'तील हकीकत १९१२ पर्यंतच येते. १९४७ च्या जून महिन्यात सेवाग्रामास अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. त्यानंतर सहा दशकांनी हे पुस्तक इंग्रजीत नेले ते त्यांच्या नातीने, दामोदरांच्या कन्या मीरा कोसंबी यांनी. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय स्त्रियांचे जीवन हा त्यांच्या व्यासंगाचा विषय होता.