जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी : दुरुस्ती आणि यंत्राची निवड

अ‍ॅल्युमिनियमची होडी गंजत नाही, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. खाऱ्या पाण्यात किंवा अन्य धातूच्या सान्निध्यात मात्र हा थर भेदला जातो व पत्र्याला बारीक खड्डे पडू लागतात. त्यामुळे अनेक वर्षे पडून राहिलेली होडी पुन्हा पाण्यात उतरवताना रंगाआधी पत्र्याचा विचार करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रमन या विमाने बांधणाऱ्या कंपनीने विमानाचाच पत्रा आणि रिव्हेट वापरून हलक्या होड्या बनवल्या. ओले एव्हिनरूड यांचे होडीच्या मागे अडकवण्याचे यंत्र त्याआधीच, १९०९ पासून, बाजारात होते. या दोहोंच्या जोडीमुळे लहान होडी एकट्या-दुकट्यालाही हाताळता येऊ लागली.

गळतीचा शोध

होडी भक्कम टेकूंवर ठेवून आत थोडे पाणी भरावे आणि बाहेरून जेथे थेंब दिसेल तेथे खूण करावी. बारा फुटी होडीत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे चारशे किलोंचा भार होतो. त्यामुळे टेकू अपुरे असतील, तर गळती शोधता शोधता तळच वाकण्याची भीती असते. सैल झालेले भरीव रिव्हेट दोन माणसांनी, एकाने बाहेरून ठोकून व दुसऱ्याने आतून जड लोखंड टेकवून, पुन्हा घट्ट करावेत. जेथे आतून हात पोहोचत नाही, तेथे बंद टोकाचे रिव्हेट सागरी सीलंट लावून बसवावेत. जुन्या पातळ पत्र्यावर वेल्डिंगचे काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे.

जुना रंग काढताना मास्क वापरावा, कारण त्यात शिसे असू शकते. लोखंडी तारांचा ब्रश टाळावा. त्याचे कण पत्र्यात रुतून नवा गंज सुरू करतात. स्वच्छ पत्र्यावर आधी अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर द्यावा. तांबेयुक्त शेवाळरोधक रंग या धातूवर कधीही लावू नये. बैठकीखालचा फोम पाणी शोषून जड झाला असेल, तर तो बदलावा. होडी उलटल्यावर तरंगत राहण्याचा आधार तोच असतो.

मागची फळी

यंत्राचा सगळा जोर होडीच्या मागच्या फळीवर येतो. ती आतून कुजलेली असेल, तर भर पाण्यात यंत्रासह निखळू शकते. टोकदार साधनाने टोचून पाहावे आणि लाकूड मऊ लागल्यास आयएस ७१० दर्जाच्या सागरी प्लायवूडची नवी फळी कडांसह इपॉक्सीने बंद करून बसवावी. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले लाकूड येथे वापरू नये.

किती अश्वशक्ती?

जुन्या होडीवर क्षमतेची पट्टी नसते. अमेरिकी नियमानुसार फुटांतील लांबी आणि मागच्या बाजूची रुंदी यांचा गुणाकार ३५ पर्यंत असल्यास ३, ३९ पर्यंत ५, ४२ पर्यंत ७.५ आणि ४५ पर्यंत १० अश्वशक्ती ही मर्यादा असते. तळ सपाट व कडा टोकदार असल्यास एक पायरी खाली यावे. बारा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद, सपाट तळाच्या होडीला त्यामुळे पाच अश्वशक्तीचे यंत्र पुरते. जास्त ताकदीचे यंत्र वजनाने मागची बाजू बुडवते.

पंधरा इंची फळीला आखूड आणि वीस इंची फळीला लांब दांड्याचे यंत्र लागते. दोन आघाती यंत्र हलके असते, पण न जळलेले इंधन व तेल पाण्यात सोडते. चार आघाती यंत्र जड असले, तरी इंधन कमी घेते.

पाणी कोणते?

मांडवी-जुवारीच्या खाऱ्या पाण्यात यंत्राला जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा त्यागी तुकडा हवा. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम योग्य, पण समुद्रात ते झपाट्याने झिजते. खाडीतून परतल्यावर यंत्रातून गोडे पाणी फिरवणे अनिवार्य समजावे.

भोपाळचे उदाहरण वेगळाच धडा देते. बाग सेवनियातील एखाद्या रहिवाशाने जुनी होडी दुरुस्त केली, तरी शहरापल्याडच्या बड्या तलावावर इंधनाचे यंत्र त्याच्या उपयोगाचे नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधल्याचे मानले जाणारे हे जलाशय शहराला पिण्याचे पाणी पुरवते आणि २००२ पासून रामसर यादीत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये तेथे क्रूझ व मोटरबोटींना मनाई केली. अशा ठिकाणी वल्हे हाच खात्रीचा पर्याय आहे, आणि बॅटरीच्या यंत्राचा विचार असल्यास ते घेण्यापूर्वी लेखी परवानगी मिळवणे शहाणपणाचे ठरते.

गोव्यातही यंत्र बसवताच होडी यांत्रिक नौका ठरते. अंतर्गत जलमार्गावरील नौकेच्या तपासणी व नोंदणीसाठी बंदर कप्तान खात्याकडे, तर मासेमारीच्या होडीसाठी मत्स्योद्योग खात्याकडे चौकशी करावी. पहिल्या फेरीला किनाऱ्यालगत राहावे, वल्ही सोबत ठेवावीत, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे आणि यंत्र बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली असावी.