काउंटी कृषी-अनुदान, अमेरिकेतील

काउंटी कृषी-अनुदान, अमेरिकेतील : अमेरिकेच्या संघीय सरकारकडून शेतकरी व जमीनमालक यांना काउंटी कार्यालयामार्फत मिळणारी रक्कम. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय घटक, ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा. पैसा वॉशिंग्टनचा असला तरी पेरा नोंदवणे आणि करारावर सही करणे ही कामे कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या स्थानिक कार्यालयात होतात. त्यावर शेतकऱ्यांनी निवडलेली ३ ते ११ जणांची समिती असते. सदस्यांची मुदत ३ वर्षे.

इतिहास : महामंदीत शेतमालाचे भाव कोसळल्यावर १९३३ च्या कृषी समायोजन कायद्याने पेरा घटवणाऱ्यांना रोख रक्कम देणे सुरू झाले. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. दक्षिणेत धनादेश प्रामुख्याने जमीनदारांच्या हाती पडले. पेरा घटल्याने वाटेकऱ्यांची गरज उरली नाही आणि हजारो कुटुंबे जमिनीवरून उठली. त्यातूनच १९३४ मध्ये आर्कन्सॉमधील टायरॉन्झा येथे काळ्या व गोऱ्या वाटेकऱ्यांची संयुक्त संघटना उभी राहिली. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची मुख्य तरतूद घटनाबाह्य ठरवली. १९३८ मध्ये नवा कायदा आला. १९९६ पासून चालू पेऱ्याशी न जोडलेली ठरावीक रक्कम दिली जाऊ लागली. ती पद्धत २०१४ च्या कायद्याने बंद केली.

आकारणी : २०१४ पासून दोन मुख्य योजना आहेत. एकीत भाव कायद्याने ठरवलेल्या संदर्भ-भावाखाली गेल्यास भरपाई मिळते. दुसरीत काउंटीचे सरासरी एकरी उत्पन्न हमीखाली गेल्यास. दोन्हींत रक्कम ‘आधारक्षेत्रा’वर, म्हणजे शेताच्या जुन्या पेऱ्यावरून कागदोपत्री ठरलेल्या क्षेत्रावर मिळते, यंदा तिथे काय पेरले, याला महत्त्व नसते.

दुसऱ्या योजनेचा हिशेब असा : काउंटीत मक्याचा प्रमाण-उतारा एकरी १८० बुशेल (१ बुशेल मका म्हणजे सुमारे २५.४ किग्रॅ.) व प्रमाण-भाव ४ डॉलर धरला, तर प्रमाण-उत्पन्न ७२० डॉलर. त्याच्या ८६ टक्के हमी धरली, तर ६१९.२० डॉलर. उतारा १५० व भाव ३.८० वर आल्यास उत्पन्न ५७० डॉलर भरते आणि तूट ४९.२० डॉलर येते. ती भरपाईच्या कमाल मर्यादेत, म्हणजे प्रमाण-उत्पन्नाच्या १० टक्क्यांत, बसते. मात्र आधारक्षेत्राचा ८५ टक्के भागच मोजला जात असल्याने १०० एकरांना ४,१८२ डॉलर मिळतात. २०२५ च्या कायद्याने हमी ९० व मर्यादा १२ टक्के केली.

महाराष्ट्रातील मंडळनिहाय पीकविम्याप्रमाणे येथेही सरासरीच निर्णायक. एखाद्याचे शेत गारपिटीने झोपले, पण काउंटीचा उतारा चांगला राहिला, तर या योजनेतून त्याच्या हाती काही पडत नाही. त्यासाठी त्याला सरकारी साहाय्य असलेला पीकविमा वेगळा घ्यावा लागतो. २०१९ मध्ये चीनशी व्यापारसंघर्ष चालू असताना दिलेल्या मदतीचे दरही काउंटीनिहाय एकरी १५ ते १५० डॉलर होते. त्यामुळे हद्दीच्या दोन बाजूंच्या शेजाऱ्यांना वेगवेगळा दर मिळू शकत होता.

पडीक ठेवलेली जमीन : १९८५ पासून धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवत वा झाडांखाली ठेवण्यासाठी वार्षिक भाडे मिळते. सर्वच शेते अशी निजली तर गावातील बी-खतांची दुकाने व धान्यकोठारे बसतील, म्हणून काउंटीच्या लागवडयोग्य जमिनीच्या २५ टक्क्यांपर्यंतच, काही अपवाद सोडून, ती घेता येते.

आक्षेप : रक्कम एकरांवर असल्याने मोठ्या शेतांकडे मोठा वाटा जातो. स्थानिक कार्यालये व समित्या यांच्याकडून कर्ज व साहाय्य देताना वर्णभेद झाल्याच्या तक्रारींवरून काळ्या शेतकऱ्यांनी दावा केला. ‘पिगफोर्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दाव्यात १९९९ मध्ये तडजोड मंजूर झाली. मृत्युपत्राविना वारसांकडे आलेल्या, सामाईक जमिनीवर राबणाऱ्यांना मालकीचा स्पष्ट कागद नसल्याने ‘शेत-क्रमांक’ मिळत नसे, आणि त्याविना अर्जच करता येत नाही. २०१८ च्या कायद्याने अशांसाठी पर्यायी कागदपत्रे ग्राह्य धरली.